हेर आईबापांसाठी जीव तुटतो, तेव्हा लेखकाने काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : 'द अमेरिकन्स' ही अमेरिकन मालिका पाहून संपवली. एलिझाबेथ आणि फिलिप हे सोव्हिएत हेर माणसं मारतात, फसवतात, पोटच्या मुलांशी रोज खोटं बोलतात. तरीही शेवटचा रेल्वेतला प्रसंग पाहताना मी त्यांच्यासाठी रडले. मला नववीतली मुलगी आहे. असल्या माणसांविषयी इतकं वाटणं बरोबर का? शिवाय कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी मी १९५५ च्या, पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यावर दोन अंकी नाटक लिहिते आहे. कथासार आणि संहिता सोबत जोडली आहे. बाप पणजीच्या सरकारी कचेरीत कारकून, गुपचूप भूमिगतांना कागद पोचवणारा. आईला सगळं ठाऊक, मुलीला काहीच नाही. मुलगी लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकते आणि तिची जिवलग मैत्रीण पोलीस अधिकाऱ्याची मुलगी. दुसऱ्या अंकात बाप मुलीच्या नकळत तिच्या दप्तरातून कागद पाठवतो. प्रेक्षकांना या आईबापांविषयी सहानुभूती वाटावी म्हणून काय करू?

इतकी वर्षं संहिता वाचून आणि तालमी घेऊन मला वाटतं, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. गुन्हा करणाऱ्या माणसासाठी जीव तुटला तर त्यात काही वावगं नाही. त्याच्यासाठी रडता रडता, त्याने ज्याला मारलं त्याचा आपल्याला विसर पडला, तर मात्र काळजी करावी. तुम्हाला बेटी आठवते का? रात्री उशिरा दुकानात हिशेब लिहीत बसलेली ती म्हातारी? आठवत असेल तर तुमच्या रडण्यात काही खोट नाही. आणि ती आठवते याचं बरंचसं श्रेय लेखकांचं आहे, कारण त्यांनी तिला वेळ दिला. तिच्याकडे मी पुढे येतोच. तुमचं नाटक तिथेच तरणार किंवा बुडणार आहे.

आधी ही सहानुभूती उभी कशी राहते ते पाहू. मालिका १९८१ साली वॉशिंग्टनच्या एका उपनगरात सुरू होते. नवराबायको ट्रॅव्हल एजन्सी चालवतात, मुलगी पेज आणि मुलगा हेन्री शाळेत जातात, आणि समोरच्या घरात एफबीआयचा, म्हणजे हेर पकडणाऱ्या अमेरिकी तपासयंत्रणेचा, अधिकारी स्टॅन बीमन राहायला येतो. पहिल्याच भागात गुपित आपल्या हाती दिलं जातं. त्या क्षणापासून आपण त्या घराच्या आत असतो आणि स्टॅन बाहेर. कोणी काहीतरी लपवतंय आणि दार वाजतंय, एवढं दाखवलं की प्रेक्षक लपवणाऱ्याच्या बाजूने श्वास रोखून धरतो, मग तो चोर असो की साधू. रंगभूमीला हे फार जुन्या काळापासून माहीत आहे. पण ही सहानुभूती स्वस्तातली आहे. तासाभरात विरते. ७५ भाग, सहा पर्व, २०१३ ते २०१८ इतका काळ प्रेक्षकाला धरून ठेवायचं तर तेवढ्यावर भागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड, आणि तुमच्या संहितेत ती मला दिसत नाही. त्या घरात सदसद्विवेक दोन प्रकारचा आहे. एलिझाबेथची निष्ठा पक्की आहे. लहानपणीची उपासमार, एकट्या आईने काढलेले दिवस, त्या सगळ्याला तिच्या लेखी त्या निष्ठेनेच अर्थ आला आहे. फिलिपला मात्र अमेरिका आवडू लागली आहे, आणि पहिल्याच भागात तो बायकोला सुचवतो की आपण फुटून अमेरिकेच्या बाजूला जाऊ, मुलांना घेऊन साधं आयुष्य जगू. ती संतापते. पुढे सहा पर्वं हा वाद संपत नाही. कधी आपण त्याच्या बाजूला असतो, कधी तिच्या. आणि बाजू बदलताना आपल्यालाही काहीतरी सोडावं लागतं. तुमच्या कथासारात आईबाप दोघंही एकाच सुरात देशासाठी तयार आहेत. मग त्यांच्यात बोलण्यासारखं उरतं काय? आईला विरोध करू द्या. कामाला तिचा विरोध नसेल कदाचित, पण मुलीला त्यात ओढायला असायला हवा. किंवा त्याच्या उलट करा : बाप कचरतो आणि आई म्हणते, दप्तरातूनच पाठव, तिच्यावर कोणी संशय घेणार नाही. हे दुसरं मला जास्त खरं वाटतं, आणि भीतिदायकही.

मालिकेचा कर्ता जो वाइसबर्ग स्वतः सीआयएत काम केलेला माणूस आहे. पोराबाळांचे आईबाप असलेले अधिकारी आपण काय करतो ते मुलांपासून कसं लपवतात, हे त्याने तिथे पाहिलं होतं. मालिकेला निमित्त मिळालं ते जून २०१० मधल्या अटकांचं. अमेरिकेत खोट्या ओळखींनी राहणारे रशियाचे दहा हेर पकडले गेले आणि पुढच्याच महिन्यात व्हिएन्नाच्या विमानतळावर त्यांची अदलाबदल झाली. त्यांतलं एक जोडपं मॅसॅच्युसेट्समध्ये कॅनेडियन नावांनी राहत होतं. त्यांना दोन मुलगे होते. आईबाप कोण आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्या मुलांनी सांगितलं. दोघांचा जन्म कॅनडातला, पण आईबाप परक्या सरकारचे हेर म्हणून कॅनडाने त्यांचं नागरिकत्व मानायला नकार दिला. धाकट्याची लढाई थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या बाजूने निकाल लागला. आईबाप दोन आठवड्यांच्या आत सुटून मायदेशी गेले, आणि मुलाला आपण कुठले हे सिद्ध करायला साडेनऊ वर्षं लागली. मालिका याच हिशेबावर उभी आहे. खर्च नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर पडतो.

आता बेटी. तिसऱ्या पर्वातला प्रसंग आहे. एफबीआयच्या कचेरीत टपाल फिरवणारं एक यंत्र एका दुकानात दुरुस्तीला आलेलं असतं. त्यात चोरून ऐकण्याचं उपकरण बसवायला फिलिप आणि एलिझाबेथ रात्री त्या दुकानात शिरतात. तिथे ही बाई भेटते. तिने यांना पाहिलं, म्हणजे तिला जिवंत सोडता येत नाही. एलिझाबेथ तिला तिच्याच हृदयविकाराच्या गोळ्या एकेक करून घ्यायला लावते. साध्या थरारपटात हे अर्ध्या मिनिटात उरकलं असतं. इथे दोघी समोरासमोर बसून बोलत राहतात. बेटी आपल्या गेलेल्या नवऱ्याविषयी बोलते, दुकानाविषयी, रात्री इथे येऊन बसायला का आवडतं त्याविषयी. आणि जिला मारायचं आहे तिच्याशी एलिझाबेथ खरं बोलते, जे पोटच्या मुलांशी बोलत नाही. हे का करतेस, असं बेटी विचारते तेव्हा ती जग अधिक चांगलं करण्याचं कारण देते. त्यावर बेटी म्हणते की वाईट कृत्यं करणारी माणसं स्वतःला हेच सांगत असतात.

त्या प्रसंगात आपली सहानुभूती कुठे असते? दोघींपाशी. आणि ती कुठूनही कमी होत नाही. माझ्या मते हेच या लेखनाचं सर्वांत मोठं धाडस आहे. बळी गेलेल्या माणसाला पूर्ण माणूस केलं तर नायिकेविषयी वाटणारं प्रेम आटेल, अशी भीती प्रत्येक लेखकाला वाटते. म्हणून तो बळी जाणाऱ्याला एकतर दुष्ट करतो किंवा बिनचेहऱ्याचा ठेवतो. प्रत्यक्षात होतं उलटं. एलिझाबेथ किती मोठी गोष्ट मोडते आहे हे आपल्याला कळतं, म्हणूनच ते मोडताना तिच्या आत काय होतंय ते पाहावंसं वाटतं. ज्याला काही गमवावंच लागत नाही त्याच्यासाठी आपण कशाला रडू?

मार्थाचंही तेच. एफबीआयच्या कचेरीतली ही सरळ स्वभावाची बाई. फिलिप खोटं नाव आणि केसांचा टोप घालून तिच्याशी लग्नसुद्धा करतो. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीला तो तिच्यासमोर तो टोप काढतो. शिकणाऱ्या नटांना मी हा प्रसंग नेहमी पाहायला सांगतो. संवाद जवळजवळ नाहीत, आणि एका माणसाने दुसऱ्याला दिलेली ती पहिली खरी गोष्ट आहे. किमीचं प्रकरण त्याहून अस्वस्थ करणारं. सीआयए अधिकाऱ्याची ही मुलगी पेजपेक्षा फार मोठी नाही, आणि फिलिपला तिचा विश्वास मिळवायचा आहे. त्याच्यातला बाप कुठे थांबतो आणि हेर कुठे सुरू होतो, हे त्याचं त्याला कळेनासं होतं.

तुम्हाला सर्वांत जास्त लागलं असेल ते पेजचं. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मॉस्कोचा निरोप येतो की आता पुढच्या पिढीला, म्हणजे पेजला, तयार करा. त्याच पर्वात आपण दुसऱ्या एका हेर कुटुंबाचा शेवट पाहिलेला असतो. आईबापांच्या पाठीमागे त्यांच्या मुलाला असंच कामात ओढलं होतं आणि त्याच मुलाच्या हातून ते घर संपलं. म्हणजे धोका काय आहे ते एलिझाबेथ आणि फिलिपला पुरतं माहीत आहे. पुढच्या पर्वात पेज स्वतःहून विचारते, तुम्ही कोण आहात, आणि ते सांगतात. त्या रात्री त्या मुलीचा चेहरा पाहताना मला कुंती आठवली. कर्णाला त्याचा जन्म तिने आयुष्यभर सांगितला नाही. सांगितला तो युद्धाच्या तोंडावर, पाच मुलांचा जीव वाचवायचा होता तेव्हा. कर्णाचं दुःख ते सत्य लपवल्याचं नाही. खरं सांगितलं गेलं तेही कोणाच्या तरी उपयोगासाठी, हे त्याला लागतं. आपल्या गावागावांत देवळाच्या उत्सवात हा प्रसंग कितीदा रंगला असेल, आणि समोर बसलेल्या बायका कुंतीसाठीही रडतात, कर्णासाठीही. एकीसाठी रडल्याने दुसऱ्याचं दुःख कमी होत नाही हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. पेजला सत्य मिळतं, पण ते सत्य तिला भरती करायला आलेलं असतं. एलिझाबेथचं लेकीवर प्रेम आहे आणि ती लेकीला वापरते आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तुम्हाला अपराधी वाटलं ते या 'आणि'मुळे. तुम्ही त्यातलं एक खरं आणि दुसरं खोटं ठरवू पाहता आहात. तसं ठरवू नका.

गोव्यातल्या प्रेक्षकाला हे चटकन भिडावं, याला आणखी एक कारण असेल असं मला वाटतं. आपल्याकडे बोटीवर गेलेले बाप आहेत, आखातात गेलेल्या आया आहेत. मुलांसाठी म्हणून मुलांपासून दूर राहण्याचा हिशेब इथल्या कितीतरी घरांनी केलेला आहे. त्या माणसांनी कोणाला फसवलं नाही, म्हणून तुलना इथेच थांबवतो. पण शेवटी पळून जाताना आगगाडीच्या खिडकीतून पेज फलाटावर उतरून उभी दिसते आणि एलिझाबेथला काहीच करता येत नाही, तेव्हा अशा घरातल्या माणसाच्या पोटात खड्डा पडतो. लेखकांनी त्यांना तुरुंग दिला नाही, गोळी दिली नाही. ज्या विश्वासाचा त्यांनी शस्त्रासारखा वापर केला तोच काढून घेतला. शिवाय मालिकेचा शेवट १९८७ च्या डिसेंबरात होतो, रेगन आणि गोर्बाचेव अण्वस्त्रकरारासाठी भेटतात त्या दिवसांत, आणि आपल्या डोक्यात १९९१ आहे. ज्या देशासाठी हे सगळं केलं तो देश चार वर्षांनी नकाशावर राहणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नाही.

आता तुमचं नाटक. तुमची अडचण वाइसबर्गच्या बरोबर उलटी आहे. त्याला अमेरिकन प्रेक्षकासमोर केजीबीचं, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संघटनेचं, जोडपं उभं करायचं होतं, म्हणजे सहानुभूती शून्यातून कमवायची होती. तुम्ही पणजीत किंवा फोंड्यात मुक्तिलढ्यावर नाटक करणार. इथे सहानुभूती पडदा उघडायच्या आधीच खुर्चीत येऊन बसलेली असते. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सुरू केलेला लढा, १५ ऑगस्ट १९५५ ला सरहद्दीवर सत्याग्रहींवर झालेला गोळीबार, आजेंत मोंतेरो या पोर्तुगीज पोलीस अधिकाऱ्याने केलेल्या छळाच्या आठवणी. या प्रेक्षकाला हे सांगावं लागत नाही. एक देशभक्तीचं वाक्य आलं की टाळी पडणारच. ती टाळी तुमच्या पात्रांनी कमावलेली नसेल. ती इतिहासाची टाळी आहे, आणि तिच्या आवाजात त्या मुलीचा प्रश्न ऐकूच येणार नाही.

मोहन रानडे यांचं उदाहरण घ्या. मूळ नाव मनोहर आपटे, सांगलीकडचे. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आले आणि आझाद गोमंतक दल या गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या गटाचं काम करू लागले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालमधल्या काशियाशच्या तुरुंगात नेलं, आणि गोवा मुक्त झाल्यावरही ते १९६९ पर्यंत सुटले नाहीत. त्यांच्या मोठेपणाविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण नाटककार म्हणून माझं लक्ष त्यांच्या वर्गात बसणाऱ्या एखाद्या मुलाकडे जातं. काल फळ्यावर कविता लिहून देणारे सर वेगळेच कोणी होते, हे कळल्यावर त्या दहा वर्षांच्या पोराला पहिल्या दिवशी काय वाटलं असेल? अभिमान पुढे वाटला असेल. पहिल्या दिवशी काय? तुमची मुलगी हे त्या पहिल्या दिवसाचं पात्र आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तिच्या तोंडी तुम्ही जे अभिमानाचं भाषण दिलं आहे ते काढा. तिला तिथवर पोचायला आणखी काही वर्षं लागतील, आणि ती तुमच्या नाटकात नाहीत.

दप्तराचा प्रसंग हा तुमच्या नाटकाचा कणा आहे, आणि सध्या तो तुम्ही निवेदनात उरकला आहे. तो रंगमंचावर आणा. सकाळची वेळ. आई वेणी घालते आहे, बाप दप्तरात हात घालतो. भारताने गोव्याच्या केलेल्या नाकेबंदीचे दिवस आहेत, बेळगाव-सावंतवाडीकडच्या माणसांची भेट बंद झालेली, घरात त्याचीच बोलणी. प्रेक्षकाला कागद दिसतो, मुलीला नाही. ती जाताना बापाच्या पाया पडते किंवा काहीतरी हट्ट करते, रोजच्यासारखं. त्या वेळी बापाला एकही वाक्य देऊ नका. स्वगत तर नकोच. नट चांगला असेल तर ते तो आपल्या देहातून दाखवील, आणि नसेल तर भाषणाने तो सुधारणार नाही.

मग तुमची बेटी कोण? मैत्रिणीचा बाप, तो पोलीस अधिकारी, तुम्ही खलनायक केला आहे. त्याला तसाच ठेवायचा तर ठेवा, छळ करणारे अधिकारी होतेच. पण पोलिसांत साधे गोमंतकीय शिपायीही होते, गावातली, ओळखीची, पगारासाठी नोकरी करणारी माणसं. दप्तरातून गेलेल्या कागदामुळे चौकीवर हल्ला होतो आणि असा एक शिपाई मरतो, असं तुमच्याच कथासारात एका ओळीत आहे. त्या ओळीचा प्रवेश करा. मरण्याआधी त्याला या घरात येऊ द्या. नारळ घेऊन येईल, बहिणीच्या लग्नाविषयी बोलेल, मुलीला लिसेवच्या अभ्यासाविषयी विचारील. चांगली आठ-दहा मिनिटं द्या त्याला. बाप त्याच्याशी मोकळेपणाने बोलेल, कदाचित घरातल्या कोणापेक्षाही जास्त, कारण पुढे काय होणार आहे हे त्याला माहीत आहे. परीक्षकांपैकी कोणी म्हणेल की यामुळे लढ्याला कमीपणा येतो. येत नाही. लढा न्याय्य होता हे प्रेक्षक त्या प्रवेशानंतरही मानेल. फक्त त्याची किंमत कोणी दिली त्यांच्या यादीत एक नाव वाढलेलं असेल.

आणि मुलीला सत्य कोण सांगणार? तुम्ही आईला सांगायला लावलं आहे, पोलीस दारात असताना, म्हणजे मुलगी बोलणार नाही याची खात्री करून घ्यायला. हे उत्तम आहे, हलवू नका. ही तुमची कुंती आहे. फक्त मुलीला त्यातला हेतू कळू द्या. तिने आईला एकच विचारावं : पोलीस आले नसते तर सांगितलं असतंस का? आईचं उत्तर लिहिण्याची घाई नको. तालमीत ती भूमिका करणाऱ्या बाईला विचारा, निरनिराळी उत्तरं देऊन पाहू द्या. तुम्ही स्वतः नववीतल्या मुलीची आई आहात, तेव्हा कुठलं उत्तर खोटं वाजतंय ते तुम्हाला माझ्याआधी कळेल.

भूमिकेसाठी मुलगी निवडताना रडणं चांगलं जमणारी शोधू नका, समोरच्याचं ऐकून घेणारी शोधा. नव्याने लिहायला घ्याल तेव्हा शिपायाचा प्रवेश आधी लिहा. बाकी सगळं त्याच्या मागून येईल.